पुडीत काय आहे?

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. रविवारची सकाळ होती, पाऊस लागून राहिला होता आणि मी पेपर घेऊन बसलो होतो. बेल वाजली. दारात आमच्या बँकेतले जुने हेड कॅशियर उभे होते. वांद्रे पूर्वेलाच, आमच्या इमारतीपासून दोन गल्ल्या सोडून ते राहतात. निवृत्त होऊन आम्हा दोघांनाही काही वर्षे झाली, तरी ते मला अजून 'साहेब' म्हणतात. त्या दिवशी बसले, पण चहाला नको म्हणाले. मग खिशातून रुमाल काढला आणि त्याच्या घडीतून झिपची एक इवलीशी प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. खोट्या कानातल्यांच्या जोडीसाठी मिळते तेवढी. आत जाड्या मिठासारखे चिमूटभर पांढुरके खडे.

"पोराच्या जीनच्या खिशात सापडली. हिने धुवायला काढली तेव्हा. साहेब, हे काय असेल?"

या गृहस्थांनी तीस-पस्तीस वर्षे रोकड मोजली. बंडल चाळताना खोटी नोट आली की त्यांचा अंगठा आपोआप थांबायचा; दिवा आणि भिंग नंतर. एवढा जाणता हात, पण त्या पुडीपुढे तो अडाणी ठरला होता. "वास घेऊन पाहिला, काही कळत नाही. तुम्ही त्या विषप्रयोगाच्या कादंबरीसाठी कलिन्याच्या लॅबची सगळी माहिती काढली होतीत ना? कोणाला सांगून हे तपासून मिळेल का? एकदा नक्की कळलं की पोराशी बोलतो. पुराव्याशिवाय त्याला काय विचारणार?"

मला त्यांचे म्हणणे पटले. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला व्हाउचरशिवाय नोंद करणे जमत नाही. मी त्यांना म्हटले, "घाई करू नका. आधी खात्री होऊ दे." हा लेख त्या सल्ल्याविषयी आहे. तो सल्ला चुकीचा होता.

राज्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा कलिन्याला विद्यानगरीत आहे. आमच्या घरापासून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर. पण कोणीही पुडी घेऊन जावे आणि पावती घेऊन यावे, अशी ती जागा नाही. तिथे नमुना येतो तो पोलिसांकडून किंवा न्यायालयाकडून. लाखेची मोहोर लावलेला, पंचनाम्याचे कागद सोबत असलेला. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात नमुना मॅजिस्ट्रेटसमोर काढावा लागतो. तो कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला याची साखळी कागदावर अखंड असावी लागते. मोहोर तुटलेली निघाली, वजनात फरक पडला, की बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो. आमच्या स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या असायच्या, एक कॅशियरकडे आणि एक अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडायचे नाही. कारण तेच. माणसावर अविश्वास नव्हे, तर उद्या कोणी विचारले तर उत्तर असावे म्हणून.

विष ओळखण्याचे हे शास्त्र फार जुने नाही. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सोमल हे खुन्यांचे आवडते विष होते. रंग पांढरा, चव जवळजवळ नाही, आणि लक्षणे पटकीसारखी. १८३६ साली जेम्स मार्श या इंग्रज रसायनतज्ज्ञाने पोटातला सोमल काचेवर काळ्या चकचकीत डागाच्या रूपाने दाखवण्याची रीत शोधली. चार वर्षांनी फ्रान्समधल्या लाफार्ज खटल्यात ती न्यायालयात गाजली. एकोणिसाव्या शतकातच मुंबईतही सरकारी रासायनिक विश्लेषक आले. आजही मृत्यू संशयास्पद असला की 'व्हिसेरा राखून ठेवला' अशी ओळ बातमीत असते. जठर, आतडे, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात आणि रक्त वेगळ्या कुपीत भरून पाठवतात. पोलीस ठाण्याच्या भाषेत या सगळ्याच्या उत्तराला 'सीए रिपोर्ट' म्हणतात.

पण रिपोर्ट म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. हे महाराष्ट्राला लागू खटल्याने शिकवले. आमच्या आधीच्या पिढीने तो पेपरांतून वाचला होता. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवेला त्यांचे डॉक्टर अनंत चिंतामण लागू यांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये रात्रीच्या गाडीने मुंबईला आणले. गाडी मुंबईला पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. जी. टी. रुग्णालयात त्यांचे नाव भलतेच नोंदवले गेले आणि काही तासांत त्या गेल्या. पुढे कित्येक महिने त्यांच्या नावाची पत्रे नातेवाइकांना येत राहिली, मेलेल्या बाईच्या सह्यांवर पैशांचे व्यवहार होत राहिले. व्हिसेरा तपासला गेला होता, पण त्यात विष सापडले नव्हते. तरीही खालपासून वरपर्यंतच्या न्यायालयांनी परिस्थितीची साखळी पाहिली आणि सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. तपासणीत विष मिळाले नाही, एवढ्यावरून विष दिलेच नव्हते असे ठरत नाही, हे त्या निकालाचे मर्म. ही गोष्ट मला कादंबरी लिहिताना पाठ होती. गरज पडली तेव्हा आठवली नाही.

आता त्या पुडीकडे वळू.

ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्द आली, तेव्हा तिचे बळी डोळ्यांना दिसत. वांद्रे स्टेशनच्या पुलाखाली, माहीमच्या खाडीकडे, जळालेली चांदी घेऊन बसलेले गर्दुल्ले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. अनिल अवचटांनी त्या जगाविषयी लिहिले, आणि १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने मुक्तांगण उभे राहिले. त्या काळापासून आपल्या मनात व्यसनी माणसाचे एक चित्र पक्के बसले आहे: मळके कपडे, खोल गेलेले डोळे, अर्धवट मिटलेल्या पापण्या.

नव्या पदार्थांचा माणूस असा दिसत नाही. गर्द माणसाला झोपवते. हे पदार्थ त्याला जागे ठेवतात. त्यांतला आपल्याकडचा सर्वांत मोठा म्हणजे मेफेड्रोन. पोलिसांच्या तोंडी एमडी, पोरांच्या तोंडी म्याव म्याव. येमेन आणि इथिओपियात लोक 'खात' नावाच्या झाडाची पाने चघळतात. त्या पानांत कॅथिनोन नावाचे उत्तेजक द्रव्य असते. मेफेड्रोन हा त्याचा प्रयोगशाळेत बनवलेला भाऊबंद. १९२९ साली तो प्रथम तयार केल्याची नोंद आहे. मग सत्तर वर्षे तो कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. या शतकाच्या पहिल्या दशकात तो पुन्हा वर आला आणि युरोपात 'झाडांचे खत', 'माणसांनी खाण्यासाठी नाही' अशा लेबलांखाली राजरोस विकला गेला. कायद्याच्या यादीत नाव नाही, म्हणून गुन्हा नाही. ब्रिटनने त्यावर एप्रिल २०१० मध्ये बंदी घातली. आपल्याकडे तो अमली पदार्थांच्या कायद्याखाली फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. तोवर मुंबईत तो चांगलाच पसरला होता, आणि पुडी हाती लागली तरी हा कायदा तिला लावता येत नव्हता.

शिवाय हा पदार्थ परदेशातून यावा लागत नाही. तो रसायनांच्या कारखान्यात तयार होतो आणि असे कारखाने आपल्याकडे गावोगाव आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी नालासोपाऱ्यात सातशे किलोंवर माल पकडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांचा तपास दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पोचला आणि दिल्लीतल्या साठ्यासह जप्ती सतराशे किलोंच्या वर गेली. बातम्यांत या मालाच्या किमती कोटींत येतात. त्या आकड्यांवर मी फारसा भरवसा ठेवत नाही. किलोचा आकडा मात्र झोप उडवतो, कारण पुडी असते एखाद्या ग्रॅमची.

माणसाच्या शरीरात हा पदार्थ काय करतो? नाकाने ओढला तर काही मिनिटांत मेंदूत आनंदाची, उत्साहाची रसायने एकदम सुटतात. अंगात बळ आल्यासारखे वाटते, बोलावेसे वाटते, भूक आणि झोप पळते. पण हा भर दोन-तीन तासांत ओसरतो आणि मागे ओढ राहते. म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेतले जाते. नाडी धावते, रक्तदाब चढतो, अंग तापते, दातखीळ बसल्यासारखे जबडे आवळले जातात. पुढे पुढे वजन उतरते, संशय वाढतो, कोणी पाठलाग करते आहे असे वाटू लागते. काहींना झटके येतात, काहींचे हृदय थांबते. अफूच्या जातीच्या पदार्थांवर उतारा म्हणून नॅलोक्सोन नावाचे इंजेक्शन आहे. या पदार्थावर तसा उतारा नाही. डॉक्टर रोग्याला शांत करतात, अंग थंड करतात आणि नाडीवर लक्ष ठेवतात.

सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे पुडीवर लिहिलेले नसते. विकणारा म्हणतो एमडी. ते असेल, दुसरेच काही असेल, किंवा दोन-तीन गोष्टींची मिसळ असेल. जगात अशी बाराशेंहून अधिक नवी द्रव्ये आढळल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाकडे आहे. एका द्रव्यावर बंदी आली की रेणूचा एखादा कोपरा बदलून दुसरे बाजारात येते.

बाहेरून पाहून कोणालाच काही सांगता येत नाही, याचे दोन दाखले देतो. मार्च २०१० मध्ये इंग्लंडमधल्या स्कंथॉर्प गावात दोन तरुण मेले. 'मेफेड्रोनचे बळी' म्हणून वृत्तपत्रांनी मथळे केले. बंदीच्या मागणीने जोर धरला आणि महिन्याभरात बंदी आलीही. त्यानंतर विषतज्ज्ञांचा अहवाल आला. त्या दोघांच्या शरीरात मेफेड्रोन नव्हतेच; होते मेथाडोन, अगदी निराळ्या जातीचे औषध. बंदी गैर होती असे मी म्हणत नाही, पण मथळा आणि अहवाल यांत किती अंतर असते ते यातून दिसते. दुसरा दाखला आपला. २०१५ साली महाराष्ट्रात एका पोलीस हवालदाराकडून शंभर किलोंवर 'मेफेड्रोन' जप्त झाले आणि राज्यभर खळबळ उडाली. पुढे तपासणीत ती पूड अजिनोमोटो, म्हणजे चायनीजच्या गाडीवर वापरतात ती चवीची पूड, निघाल्याच्या बातम्या आल्या. एवढी पोती पाहूनही नजरेला फरक कळला नव्हता.

मग प्रयोगशाळेला तो कसा कळतो? जुनी पद्धत रंगाची. पुडीच्या कणावर रसायनाचा थेंब टाकायचा आणि रंग पाहायचा. 'मार्क्विस' नावाच्या थेंबाने एक्स्टसी जांभळट काळी होते, अँफेटामिन नारिंगी होते. मेफेड्रोन मात्र त्या थेंबाला जवळजवळ दाद देत नाही. म्हणून पुढे यंत्र लागते. पदार्थाची वाफ करून ती एका लांबलचक बारीक नळीतून सोडतात. मिसळीतले घटक आपापल्या वेगाने वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. मग प्रत्येकाचे तुकडे करून तुकड्यांची वजने मोजतात. याला गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणतात. पण आलेले उत्तर ताडून पाहायला शुद्ध पदार्थाचा खात्रीचा नमुना हवा. बँकेत चेकवरची सही खरी की खोटी हे आम्ही नमुना सहीच्या कार्डावरून ठरवत असू. कार्डच नसेल तर सही कितीही वळणदार असो, पास करता येत नाही. नव्या द्रव्यांचे दुखणे हेच आहे. पदार्थ आधी येतो, त्याचे कार्ड मागाहून. काही जुळी भावंडे तर अशी की वजन तेच, तुकडे जवळपास तेच, फरक फक्त नळीतून बाहेर यायच्या वेळेत.

रक्ताची गोष्ट आणखी नाजूक. या जातीची द्रव्ये काढून ठेवलेल्या रक्तातही हळूहळू विघटित होतात. नमुना थंडीत आणि योग्य रसायन घालून ठेवला नाही किंवा तपासायला उशीर झाला, तर जे होते ते नाहीसे होते. शाई उडालेल्या चेकसारखे.

हे सगळे मला माहीत होते. तरी मी त्या गृहस्थांना 'खात्री होऊ दे' म्हणालो, आणि त्यांनी तीन आठवडे ती खात्री होण्याची वाट पाहिली. मुलगा चोवीस वर्षांचा, लग्नानंतर खूप वर्षांनी झालेला. बीकेसीत नोकरी. दोन-दोन रात्री जागायचा, मग रविवारी दिवसभर झोपायचा. पानावरून अर्धवट उठायचा. हे सारे आईबापांना दिसत होते. वडील फक्त पाहत होते, मनातल्या मनात नोंदी करत होते, आणि हिशेब जुळला की बोलू असे म्हणत होते.

चौथ्या आठवड्यात एका पहाटे त्यांचा फोन आला. मुलाला रुग्णालयात नेले होते. अंग भाजत होते, नाडी मोजता येत नव्हती, आणि घरात कोणीतरी शिरले आहे असे म्हणत तो दारे लावत सुटला होता. मी पोचलो तेव्हा तो झोपेच्या औषधाखाली शांत पडला होता. वडील बाहेर बाकावर बसले होते आणि चेहऱ्यावर चक्क हायसे वाटल्याची खूण होती. "लघवीची तपासणी केली साहेब. कार्डावर पाच पदार्थांच्या रेघा असतात. सगळं निगेटिव्ह. ते नाहीच. दुसरं काहीतरी असेल."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी शांतपणे सांगितले, "काका, ते कार्ड जुन्या पदार्थांसाठी आहे. नवे बरेचसे त्यात उमटतच नाहीत. कार्डावर नाही म्हणजे अंगात नाही, असं नसतं. मी कार्डावर नाही, लक्षणांवर उपचार करतेय. तुम्ही त्याला विचारा."

दुपारी मुलाला जाग आली. वडिलांनी विचारले. पुडी दाखवण्याची वेळ आलीच नाही. मुलगा एवढेच म्हणाला, "बाबा, माझ्या खिशातलं गेलं तेव्हाच मला कळलं, तुम्हाला माहीत आहे. तीन आठवडे वाट बघत होतो. विचारलं का नाही?" आणि थोड्या वेळाने, "त्यात काय असतं ते मलाही माहीत नाही. एमडी म्हणून देतात."

मी खिडकीकडे तोंड करून उभा होतो. 'घाई करू नका' हे माझे शब्द होते.

म्हणून हे लिहिले. प्रयोगशाळेचे काम न्यायालयासाठी आहे. तिथे पुराव्याशिवाय कोणाला दोषी धरू नये, शेजाऱ्याच्या मुलाबद्दल कुजबुजणाऱ्या सोसायटीनेही धरू नये. पण घर म्हणजे न्यायालय नव्हे. घरात बोलायला सीए रिपोर्ट लागत नाही. मुलाची झोप, भूक आणि पैशाचा हिशेब बिघडला आहे, तो घरच्यांवरच संशय घेऊ लागला आहे, असे दिसले तर कारण पदार्थच असेल असे नाही. रात्रपाळी असेल, प्रेमभंग असेल, आजार असेल. पण विचारायला एवढे पुरे आहे. आरोप म्हणून नव्हे, 'काय चाललंय बाबा तुझं?' एवढेच.

आणि कधी प्रसंग आलाच, तर अंग तापलेल्या, घाबरलेल्या माणसाला एकटे सोडू नये, खोलीत कोंडू नये. लगेच रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांपासून काही लपवू नये. कायद्याचीही माहिती असावी. मेफेड्रोनच्या बाबतीत दोन ग्रॅमपर्यंतचे प्रमाण 'अल्प' धरतात आणि पन्नास ग्रॅमच्या वर 'व्यापारी'. त्याला दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आहे. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे वजन धरतात ते भेसळीसह सगळ्या पुडीचे. तेव्हा 'मित्राची पिशवी दोन दिवस ठेवली' हा खेळ नव्हे. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पुरे करील, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. ही दुसरी बाजू फार थोड्या आईबापांना ठाऊक असते. उपचारही दूर नाहीत. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेले कृपा फाउंडेशन इथे वांद्र्यातच, चॅपेल रोडच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात रुजले. पुण्याला मुक्तांगण आहे. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे.

आमच्या कॅशियरांचा मुलगा उपचाराला गेला. मध्ये एकदा घसरला, पुन्हा गेला. आता कामावर आहे. परवा रविवारी वडील आले, या वेळी बसून चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "चला, पोरगा खाली रिक्षा थांबवून उभा आहे." त्या पुडीचे पुढे काय झाले ते मी विचारले नाही. तिच्यात काय होते हे आम्हा तिघांपैकी कोणालाही आजवर कळलेले नाही.